रंगवलेल्या टाकीवर धातूचा मोनोग्राम पक्का कसा बसवायचा

पेट्रोलच्या टाकीवरचा मोनोग्राम पत्र्याला चिकटलेला नसतो, पत्र्यावरच्या रंगाला चिकटलेला असतो. दुहेरी टेप कितीही भारी आणली, तरी खालचा लॅकर (रंगावरचा चकचकीत थर) कच्चा असेल, पुट्टी सैल असेल किंवा वर पॉलिशचा थर असेल तर मोनोग्राम सुटणारच. सुटताना तो बऱ्याचदा रुपयाएवढा रंगही सोबत घेऊन जातो. म्हणून कामाची सुरुवात टेपपासून करू नका, रंगापासून करा.

सातारा-सांगलीकडे हे काम दोन कारणांनी निघतं. एक म्हणजे जुनी बुलेट, राजदूत किंवा आरएक्स नव्याने रंगवून घेतली की तिचे मूळ मोनोग्राम परत लावायचे असतात. दुसरं म्हणजे पितळेत कापून घेतलेली राजमुद्रा, नाहीतर ‘११’, ‘१०’, ‘५०’ असे पासिंगचे आकडे टाकीवर हवे असतात. पद्धत दोन्हींना एकच. अशोकस्तंभ मात्र लावू नका. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि खासगी गाडीवर ते चिन्ह लावायला परवानगी नाही.

टाकीला भोक पाडायचं नाही

हे आधीच सांगून टाकू, कारण ‘दोन स्क्रू मारले की काम झालं’ असं सुचवणारे भेटतातच. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यात आट्यांना पकड मिळत नाही, स्क्रूच्या कडेने पेट्रोल झिरपतं आणि आतून गंज सुरू होतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकी उलटी करून ठेवली तरी कोपऱ्यांत ती साचून राहते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी ड्रिलची ठिणगी भडका उडवायला पुरते. रिव्हेट, पत्र्याचा स्क्रू, बाहेरून वेल्डिंग करून लावलेला नट, यातलं काहीही चालत नाही. टाकीला मुळातच आट्यांची भोकं असतील तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

रंग तयार आहे का?

आपल्याकडे टाकी दोन प्रकारच्या रंगांत रंगवून मिळते. एक एनसी, म्हणजे थिनर उडून वाळणारा. दुसरा पीयू किंवा टूके, म्हणजे हार्डनर घालून पिकणारा. पेंटरला विचारा. सांगता येत नसेल तर टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन दहा-बारा वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर रंग एनसी आहे किंवा पीयू अजून कच्चा आहे.

पीयू हाताला दुसऱ्या दिवशी कडक लागतो, पण आतून पिकायला उघड्या हवेत दोन ते चार आठवडे घेतो. भट्टीत ६० अंशांवर अर्धा तास भाजलेली टाकी लवकर तयार होते, तरीही आठवडाभर थांबलेलं बरं. घाई केली तर रंगातून बाहेर पडू पाहणारा सॉल्व्हंट टेपखाली अडकतो, चिकट थर मऊ करतो आणि त्या जागेवर लॅकरला फुगवटा येतो. पावसाळ्यात रंगवलेल्या टाकीला पूर्ण महिना द्या. एनसीवर मोनोग्राम बसतो, पण एनसीला पेट्रोल सोसत नाही. पंपावर झाकणातून ओघळलेलं पेट्रोल नेमकं मोनोग्रामच्या वरच्या कडेला थांबतं आणि रंग विरघळवतं. आता पेट्रोलमध्ये आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉलही मिसळलेलं असतं, तेही एनसीला मऊ करतं. नव्याने रंगवणार असाल तर टाकीपुरता तरी पीयूचाच हट्ट धरा.

रंग पत्र्याला धरून आहे का, हेही बघून घ्या. खालच्या बाजूला चांगल्या चिकटपट्टीचा तुकडा नखाने घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचा पापुद्रा आला तर मोनोग्राम लावू नका, टाकी परत पेंटरकडे न्या. महापुरात बुडालेल्या गाड्यांच्या टाक्यांवर हा प्रकार सर्रास दिसतो. गंज नीट न घासता वरून पुट्टी भरलेली असते आणि वरचा रंग नव्यासारखा चमकत असतो.

आणखी एक तपासणी डोळ्यांनी होते. जिथे मोनोग्राम येणार तिथे स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी एकसारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. टपोरे थेंब होऊन घरंगळलं तर वर मेण, सिलिकॉन पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग आहे, आणि त्यावर कुठलीही टेप टिकत नाही. मेण टर्पेंटाइनने निघतं, पण फक्त पिकलेल्या पीयूवरच टर्पेंटाइन वापरा. सिरॅमिक कोटिंग मात्र तेवढ्या जागेपुरतं बारीक कंपाउंडने घासूनच काढावं लागतं. मॅट रंगावर कंपाउंड कधीही नको, घासलेली जागा चकाकते आणि तो डाग जात नाही. लॅकरच्या वरून स्टिकर लावलेला असेल तर त्यावर मोनोग्राम बसवू नका. स्टिकर सुटला की मोनोग्रामही जातो.

मोनोग्रामची पाठ

समोरची बाजू सगळे बघतात, पण काम पाठीवर ठरतं.

मझाकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव मोनोग्राम मागून पोकळ असतात, त्यांची फक्त कड टाकीला टेकते. दोन मिलिमीटरच्या कडेवर टेप लावून काही होत नाही. ती पोकळी एम-सीलसारख्या इपॉक्सी पुट्टीने कडेच्या पातळीपर्यंत भरा, २४ तास वाळू द्या आणि सपाट लाकडावर १८० नंबरचा पेपर ठेवून घासून घ्या. आता पूर्ण पाठीवर टेप बसेल. मागे खिळे असलेले मोनोग्राम असतील तर खिळे हेक्सॉने कापा आणि कानशीने सपाट करा. अर्धा मिलिमीटर खुंट राहिला तरी तो टेपमधून रंगात रुततो.

पितळ आणि अॅल्युमिनियमची पाठ ३२० नंबरच्या पेपरने घासून मंद करा, चकचकीत पाठीवर बोटांचं तेल लपून राहतं. मागच्या कडा आणि टोकं कानशीने किंचित गोल करा. टोकदार कोपरा रेनकोटच्या पायात अडकतो, आणि एकदा कोपरा उचलला की उरलेलं काम पाणी करतं.

पितळ उजळायचं असेल तर बसवण्याआधी उजळा. टाकीवर बसल्यावर पितांबरी किंवा चिंच-लिंबू लावलं तर आंबट पाणी कडेच्या फटीत राहतं, तिथे हिरवा कळंक धरतो आणि पांढऱ्या किंवा क्रीम रंगावर त्याचे ओघळ येतात. उजळून, साबणाने धुऊन, पूर्ण कोरडं करून समोरच्या बाजूला पीयू क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, एक पातळ हात मारून घ्या. साताऱ्याच्या पावसात हात न मारलेलं पितळ काही आठवड्यांतच काळवंडतं.

गोलाई जुळवणं

बहुतेक मोनोग्राम इथे अडतात. टाकीचा पोट-भाग दोन दिशांना गोल असतो आणि कापून घेतलेलं पितळ सपाट. दाबून चिकटवलं की त्या क्षणी बसतं, पण धातू स्प्रिंगसारखा परत सरळ व्हायला बघतो आणि दिवसरात्र टोकांवरची टेप ओढत राहतो. मग आठवड्याने टोकं उचललेली दिसतात आणि दोष टेपला दिला जातो.

मोनोग्राम टेप न लावता जागेवर हलकेच धरा आणि कडेने फट बघा. टेपची जाडी फटीच्या दुप्पट असावी, हा साधा हिशोब. १.१ मिलिमीटर जाडीची टेप अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट सांभाळते. त्याहून जास्त फट असेल तर मोनोग्रामच वाकवायचा. एक ते दीड मिलिमीटर पितळ लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवून रबरी हातोडीने हळूहळू वाकतं. ताठ असेल तर आधी मंद लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतं. हे तापवणं टाकीपासून दूर, आणि उजळणं-क्लिअर मारणं त्यानंतर. क्रोमचा मोनोग्राम वाकवला तर क्रोमला तडे जातात. मझाक तर वाकतच नाही, मोडतो. अशा मोनोग्रामची फट इपॉक्सीने भरून काढा: टाकीवर पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने ताणून बसवा, मोनोग्रामच्या पाठीला पुट्टी लावून त्या कागदावर हलकेच टेकवा आणि वाळू द्या. पाठीला टाकीचीच गोलाई मिळते. कड नीट घासून घेतली की बाहेरून कळतही नाही. हे काम डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळं करा. दोन्ही बाजूंची गोलाई सारखी असेल असं धरून चालू नका, डेंट काढून पुट्टी भरलेल्या टाकीत तर ती नसतेच.

वाकवताना मोनोग्राम कधीही टाकीवरच ठेवून दाबू नका. पत्रा आत जातो.

टेप कोणती, किती

अॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप घ्या. थ्रीएमची व्हीएचबी ५९५२ या कामाला चांगली आहे: काळी, १.१ मिलिमीटर जाड, रंगीत आणि पावडर कोट पृष्ठभागांसाठीच बनवलेली, वर लाल फिल्म. बाजारात लाल फिल्मच्या नकली टेपा भरपूर आहेत, त्यामुळे फिल्मच्या रंगावर जाऊ नका, नंबर आणि नाव बघून घ्या. फोटो फ्रेमला लावतात ती पांढरी फोम टेप उन्हात सुटते. एप्रिल-मे महिन्यात जत, आटपाडी, माणकडे उन्हात उभ्या काळ्या टाकीवर हात ठेवता येत नाही. तिथे त्या टेपचा चिकट पदार्थ पातळ होतो आणि मोनोग्राम इंच-इंच खाली सरकतो.

१२ मिलिमीटर रुंदीची एक मीटर पट्टी दोन्ही बाजूंना पुरून उरते. वजनाची काळजी नको. उभ्या जागी एक किलोसाठी साधारण ५५ चौरस सेंटिमीटर टेप धरतात. ५० ग्रॅमच्या मोनोग्रामला त्या हिशोबाने तीन चौरस सेंटिमीटरही पुरेत आणि पाठीवर त्याच्या दसपट जागा असते. तुटते ती वजनाने नाही, कडेने शिरणाऱ्या पाण्याने आणि धातूच्या ताणाने.

फेविक्विक कडक आणि ठिसूळ होतं, गाडीच्या थरथरीने तडकतं आणि त्याच्या वाफेचा पांढरा डाग लॅकरवर बसतो. अॅराल्डाइट पक्कं धरतं, इतकं की पुढे काढताना रंगासकट निघतं. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर पितळ आणि मझाकला गंजवतो.

जागा ठरवणं

गाडी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर कललेल्या गाडीवर डोळा फसतो. मोनोग्रामचा आकार बटर पेपरवर काढून कापा आणि तोच कागद उलटवून दुसऱ्या बाजूचा साचा करा. मोजमाप टाकीच्या खालच्या जोडापासून आणि पुढच्या टोकापासून घ्या, सीटपासून नको. सीट हलते. साचा मास्किंग टेपने लावून दहा फूट मागे जाऊन बघा. मोजमाप बरोबर असूनही डोळ्याला तिरकं दिसत असेल तर डोळ्याचं ऐका, पण दोन्ही बाजूंना तेवढाच फरक करा.

मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, स्विच किंवा क्लचची केबल मोनोग्रामला घासत नाही ना. सीटवर बसून गुडघे टाकीला टेकवा. जिथे गुडघा लागतो तिथे मोनोग्राम नको.

जागा पक्की झाली की साच्याच्या खालच्या आणि मागच्या कडेला मास्किंग टेप लावून कोपरा तयार करा. मोनोग्राम याच कोपऱ्यात बसवायचा. सुटी अक्षरं असतील तर ती आधी सरळ रेषेत मांडून समोरून एका रुंद मास्किंग टेपवर चिकटवा, म्हणजे सगळी एकदम बसतील.

चिकटवणं

दिवस कोरडा निवडा. टेपला २१ ते ३८ अंशांचा पृष्ठभाग लागतो, १० अंशांच्या खाली ती धरतच नाही. साताऱ्यात थंडीच्या सकाळी हे काम करू नका, दुपारी करा. पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे, चटका बसता कामा नये.

टाकी आणि मोनोग्रामची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. एनसी थिनर तर टाकीजवळही आणू नका. ओलं फडकं एकाच दिशेने फिरवा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. आता त्या जागेला बोट लावायचं नाही.

टेप आधी मोनोग्रामला लावा. पट्ट्या एकमेकांवर चढवू नका, शेजारी-शेजारी बसवा. सर्जिकल ब्लेडने कडेपासून एक मिलिमीटर आत कापा, म्हणजे बाजूने दिसणार नाही. वरच्या कडेची पट्टी सलग हवी, कारण पाणी आणि पेट्रोल वरून येतं. खालच्या कडेला मधोमध तीन-चार मिलिमीटरची मोकळी जागा सोडा, आत शिरलेलं पाणी निघून जाईल. टेप अंगठ्याने दाबून घ्या.

यानंतरची युक्ती वापरली नाही तर मोनोग्राम तिरका बसण्याची शक्यता फार. लाल फिल्म पूर्ण काढू नका. प्रत्येक पट्टीची फिल्म एका टोकाला सेंटिमीटरभर सोडवून बाहेरच्या बाजूला दुमडा, शेपटीसारखी दिसली पाहिजे. मोनोग्राम मास्किंग टेपच्या कोपऱ्यात टेकवा. उघड्या टोकांनी तो हलकासा धरेल, दाबला नाही तर सोडवून सरळ करता येईल. समाधान झालं की शेपट्या एकेक करून ओढून घ्या. शेपट्या निघाल्या की ही टेप लगेच धरते, उचलून परत बसवायची संधी देत नाही.

मोनोग्रामवर मऊ फडकं ठेवून मधून टोकांकडे अंगठ्याने दाबत जा, प्रत्येक जागी १०-१५ सेकंद. पक्कड, क्लॅम्प, हातोडी काही नको. दुसऱ्या हाताने टाकीला पलीकडच्या बाजूने आधार द्या.

वीस मिनिटांत निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. हे तीन दिवस गाडी धुऊ नका, पावसात काढू नका, टाकी काठोकाठ भरू नका. नंतरही वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप मोनोग्रामच्या कडेवर तिरपा धरू देऊ नका.

टाकीला मूळ आटे असतील तर

जुन्या बुलेटसारख्या काही टाक्यांना मोनोग्रामसाठी बंद तळाची आट्यांची भोकं असतात. रंगवताना त्यांत पुट्टी आणि रंग जातो. स्क्रू जोराने फिरवला तर भोकाभोवतीचा रंग चांदणीसारखा तडकतो. आधी योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आटे साफ करा. मूळ स्क्रू मापासाठी जवळ ठेवा. जुन्या बुलेटला बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश मापाचे आटे आहेत, त्यात आजचा मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे जातो आणि मग आटे खातो.

स्क्रूची लांबी मोजून घ्या. टूथपिक भोकात घालून खोली बघा. समजा खोली ८ मिलिमीटर, मोनोग्रामची जाडी ३ आणि वॉशर अर्धा, तर एकूण साडेअकरा. त्यातून दीड वजा करून १० मिलिमीटर लांबीचा स्क्रू घ्या. लांब स्क्रू तळाला टेकतो. तुम्हाला वाटतं घट्ट झाला, पण मोनोग्राम सैलच राहतो, आणि आणखी पिळलं तर गंजलेला तळ फुटून पेट्रोल गळतं. मोनोग्राम आणि रंग यांच्यामध्ये पातळ रबर किंवा नायलॉनचा वॉशर घाला. स्क्रू त्याच आट्यांचे, स्टेनलेसचे घ्या आणि आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब द्या. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, छोट्या स्क्रूड्रायव्हरने, मनगटाच्या जोराने.

सुटला तर आधी पाठ वाचा

पडलेला मोनोग्राम उचलून लगेच नवी टेप लावू नका. टेप कुठे राहिली ते बघा. सगळी टेप मोनोग्रामवर असेल आणि टाकी कोरी, तर रंगावर मेण किंवा ओल होती. सगळी टेप टाकीवर असेल तर मोनोग्रामची पाठ तेलकट होती किंवा घासली नव्हती. टेप मधून फाटून दोन्हीकडे असेल तर चिकटवणं बरोबर होतं, ताण जास्त होता, म्हणजे गोलाई जुळलेली नाही. टेपवर रंग आला असेल तर पेंटरचं काम उरलं आहे. फक्त टोकांची टेप काळी-मातकट आणि मधली स्वच्छ असेल तर टोकं पहिल्यापासूनच उचललेली होती.

बसलेला मोनोग्राम काढायचा असेल तर टाकी गाडीवरून उतरवा, रिकामी करून झाकण आणि कॉकचं तोंड बंद करा आणि आगीपासून दूर, मोकळ्या हवेत उन्हात अर्धा तास ठेवा. हेअर ड्रायरची तापलेली तार पेट्रोलच्या वाफेजवळ आणायची नाही. पत्रा चांगला तापला की मासेमारीचा तंगूस दोन्ही हातांत ताणून धरा आणि मोनोग्रामच्या मागून करवतीसारखा पुढे-मागे फिरवत टेप कापत न्या. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. टाकीवर उरलेली टेप अंगठ्याने घासली की गोळ्या होऊन निघते, शेवटचा चिकटपणा टर्पेंटाइनने पुसा, मग अल्कोहोलने. रंग एनसी असेल तर टर्पेंटाइनऐवजी फक्त अंगठा आणि वेळ द्या. निघालेली टेप परत वापरू नका. मोनोग्रामची पाठ पुन्हा ३२० ने घासून नवी पट्टी लावा आणि ७२ तास पहिल्यापासून मोजा.